नगर जिल्ह्यांतील कॅथॉलिक धर्मगुरु

महाराष्ट्राच्या धर्मेतिहासांत अहमदनगर जिल्ह्याचें स्थान फार जुनें आहे. सन २०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर असें झालें. परंतु या लेखांतील बहुतेक हकीकत जुन्या नांवाच्या काळांतली असल्यामुळें येथें तेंच नांव ठेविलें आहे. प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें इ. स. १२९० मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. राहुरी तालुक्यांतील ताहराबादेस अठराव्या शतकांत महीपतीनें संतांचीं चरित्रें ओंवीबद्ध केलीं. शिर्डीच्या साईबाबांनीं १९१८ सालीं याच जिल्ह्यांत देह ठेविला. कथा, कीर्तन, दिंडी आणि जत्रा यांवर ज्यांचें मन पोसलें गेलें अशा लोकांचा हा मुलूख. मात्र या लोकांपैकीं एक मोठा भाग असा होता कीं त्यानें ही हरिकथा देवळाच्या पायरीखालूनच ऐकली. चोखोबाची समाधि जेथें राहिली तेथपर्यंतच त्याची मजल. युरोपांतून आलेल्या कॅथॉलिक धर्मगुरूंची गांठ प्रथम पडली ती मुख्यत्वें या पायरीखालच्या समाजाशीं, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत घेतली पाहिजे. नाहीं तर पुढच्या सव्वाशें-दीडशें वर्षांच्या हकीकतीचा अर्थच लागणार नाहीं.

कॅथॉलिक धर्मगुरु या जिल्ह्याच्या खेड्यांत आले ते कांहीं सर्वांत आधीं नव्हेत. अमेरिकन मिशननें १८३१ सालींच नगर शहरांत ठाणें दिलें होतें, आणि १८४२ त तेथूनच ‘ज्ञानोदय’ हें पत्र सुरू केलें. कॅथॉलिकांच्या बाजूला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबई-पुण्याकडील मिशनचा भार जर्मन जेसुइटांकडे आला होता. मुंबईचें सेंट झेवियर कॉलेज आणि पुण्याची सेंट व्हिन्सेंट शाळा या त्यांच्या संस्था शहरांतील सुशिक्षित घराण्यांस चांगल्या ठाऊक आहेत. त्या मानानें त्याच संघांतील जे लोक कॉलेज सोडून काळ्या मातींत गेले त्यांचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. त्यांतले पहिले फादर ऑटो वाइसहाउप्ट. १८७८ सालीं ते राहुरी तालुक्यांतील केंदळ या गांवीं आले, आणि केंदळ व शेजारचें वळण या परिसरांत नगर जिल्ह्याच्या ग्रामीण कॅथॉलिक मिशनचा पाया पडला.

तें सालच असें होतें कीं धर्माचा विचार करावयास कोणाला उसंत नसावी. १८७६ पासून १८७८ पर्यंत दख्खनला जो भीषण दुष्काळ पडला त्यानें नगर जिल्हा पार होरपळून काढला होता. जनावरें गेलीं, माणसें खडी फोडावयास गेलीं, आणि जीं उरलीं त्यांच्यापाशीं बलुत्याच्या ओंजळभर धान्याखेरीज कांहीं नव्हतें. अशा वेळीं जो परका मनुष्य दाराशीं येऊन बसतो, आजाऱ्याची विचारपूस करतो, आणि ज्याच्या सावलीचा इतरांस विटाळ होतो त्याच्या खोपटांत वांकून शिरतो, त्याच्याकडे लोकांचें मन ओढलें जावें यांत नवल नाहीं. परंतु येथूनच एक प्रश्न उत्पन्न झाला, आणि तो नगरच्या धर्मगुरूंना शेवटपर्यंत सुटला नाहीं. लोक भाकरीसाठीं आले कीं देवासाठीं? टीकाकारांनीं तो प्रश्न वारंवार विचारला. धर्मगुरूंनाहि तो मनांतल्या मनांत विचारावा लागलाच असेल. कारण दुष्काळ सरल्यावर माणूस टिकतो कीं नाहीं हें त्यांनाच आधीं दिसावयाचें.

या प्रश्नाचें खरें उत्तर पहिल्या पिढींत सांपडत नाहीं, तें दुसऱ्या पिढींत सांपडतें. बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या मनांत काय होतें हें कोण सांगणार? पण त्याच्या मुलाला प्रार्थना येते काय, त्याची मुलगी लग्नाला कोठें उभी राहते, आणि मरणाच्या वेळीं घरांतलीं माणसें कोणाला बोलावूं पाठवितात, या तीन गोष्टींवरून धर्म अंगीं लागला कीं नाहीं तें ओळखतां येतें. धर्मगुरूंचें सारें श्रम या तीन गोष्टींसाठींच होते.

आतां कॅथॉलिक धर्मगुरु आणि त्याचा समाज यांचें नातें कशा प्रकारचें असतें तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण इतर धर्मांतील उपाध्याय किंवा कीर्तनकार यांच्या नात्याहून तें निराळें आहे. घरांत सत्यनारायण करावयाचा तर उपाध्याय लागतो, परंतु रोजची देवपूजा, जप, एकादशी, वारी यांस उपाध्यायावांचून कांहीं अडत नाहीं. प्रॉटेस्टंट मंडळींत ग्रंथपठण आणि प्रवचन यांना प्रधानस्थान असल्यामुळें एखादा चांगला वाचक गृहस्थहि मंडळीची उपासना चालवूं शकतो. कॅथॉलिक पंथांत मात्र आध्यात्मिक अन्न म्हणून ज्याचा निर्देश होतो तें मिस्साबलिदानांतील पवित्र प्रसादाच्या रूपानें मिळतें, आणि मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार दीक्षित धर्मगुरूसच असतो. पापनिवेदन ऐकून क्षमेचें वचन उच्चारावयाचें तेंहि त्यानेंच. मरणोन्मुख माणसास तैलाभ्यंग करावयाचा तोहि त्यानेंच. निकडीच्या प्रसंगीं बाप्तिस्मा कोणीहि देऊं शकतो, एवढीच काय ती सवलत. म्हणजे धर्मगुरु नसेल तर कॅथॉलिक कुटुंब प्रार्थना करील, जपमाळ ओढील, परंतु त्याच्या उपासनेचा गाभाच रिता राहील. शहरांत, जेथें चर्चची घंटा घरांत ऐकूं येते, तेथें हें जाणवत नाहीं. मैल मैल पसरलेल्या माळरानावर, जेथें एका धर्मगुरूच्या वांट्यास कित्येक खेडीं येत, तेथें तें फार जाणवे.

या अडचणींतून जी व्यवस्था निघाली तिचा मध्यबिंदु ‘मास्तर’ हा होता. मिशनच्या मुख्य ठाण्यापासून दूरच्या गांवीं एक लहानशी शाळा असे. बहुधा ती गांवकुसाबाहेर असे. दिवसां तींत मुलें मुळाक्षरें गिरवीत आणि संध्याकाळीं तेंच प्रार्थनामंदिर होई. मास्तर हाच शिक्षक, हाच प्रश्नोत्तरांच्या रूपानें धर्म शिकविणारा, हाच आजाऱ्याची वर्दी धर्मगुरूकडे नेणारा. गांवांत कोणाचें लग्न ठरलें, कोणाचें भांडण झालें, कोण पुन्हां जुन्या दैवताला कोंबडें वाहून आला, या सर्वांची खबर त्यालाच असे. धर्मगुरु खेड्यांत येई तो काळ थोडा. उरलेले सर्व दिवस मास्तराचे. नगर जिल्ह्याच्या मिशनच्या इतिहासांत युरोपीय नांवें ठळक दिसतात आणि मास्तरांचीं नांवें बहुधा दिसत नाहींत. हा इतिहासाचा नेहमींचा पक्षपात आहे. वस्तुतः पहिल्या पन्नास वर्षांत जें धर्मज्ञान लोकांच्या तोंडीं बसलें त्याचा निम्मा वांटा तरी या अल्पवेतनी माणसांचा असावा.

धर्मगुरूच्या फेरीचें स्वरूप पाहिलें म्हणजे या कामांतील कष्ट ध्यानांत येतात. त्या काळच्या नियमाप्रमाणें पवित्र प्रसाद घेणाऱ्यानें आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबहि घ्यावयाचा नसे. मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूसहि हाच नियम. मिस्सा सकाळींच व्हावयाची. आतां जो मनुष्य उजाडतांच दुसऱ्याच्या शेतावर कामाला गेला नाहीं तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडावयाची, त्यानें उपाशी पोटीं धर्मगुरूची वाट पाहत बसावें, ही लहान गोष्ट नव्हे. पुढें १९५३ सालीं बारावे पायस पोप यांनीं पाणी पिण्याची मोकळीक दिली आणि संध्याकाळच्या मिस्सेलाहि वाट करून दिली. १९५७ त उपवासाची मुदत तीन तासांवर आली. रोममध्यें निघालेल्या या आज्ञांचा खरा अर्थ रोममध्यें कितीसा कळला असेल कोण जाणे; शेतमजुरांच्या वस्तींत तो पुरता कळला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं आणखी एक बदल झाला. दहावे पायस पोप यांनीं १९०५ सालीं भाविकांनीं वारंवार, शक्य तर दररोज, प्रसाद घ्यावा असें आवाहन केलें, आणि १९१० त समजूं लागलेल्या लहान मुलांनाहि तो द्यावा असें ठरविलें. वर्षांतून एकदां, ईस्टरच्या सुमारास, पापनिवेदन करून प्रसाद घेतला म्हणजे झालें अशी जी जुनी वहिवाट होती ती यामुळें मागें पडूं लागली. हें उत्तमच झालें. पण त्याचा भार धर्मगुरूवर पडला. एका माणसानें दर महिन्याला पापनिवेदन करावयाचें ठरविलें तर धर्मगुरूला त्याच्यासाठीं वर्षांतून बारा वेळां बसावें लागणार. अशीं शेंकडों माणसें. हें बसणें म्हणजे नुसतें कान देणें नव्हे. ज्या माणसाचें बोलणें आजपर्यंत कोणी पुरतें ऐकून घेतलेलें नाहीं, पाटील-कुळकर्ण्यांपुढें ज्याला हात जोडून चार शब्दांत आपलें गाऱ्हाणें आटोपावें लागे, त्याला आपल्या मनांतलें सांगावयास एक जागा मिळाली, आणि तेथें बोललेलें बाहेर जावयाचें नाहीं अशी खात्री मिळाली. मिशनच्या शाळांविषयीं व औषधांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. या ऐकून घेण्याविषयीं लिहावयास कागदपत्र नसतात. तरी लोकांना धर्मगुरूशीं बांधून ठेवण्यांत त्याचा वांटा शाळेहून कमी नसावा.

हें सर्व जरी खरें असलें तरी युरोपीय धर्मगुरु हा लोकांचा ‘मायबाप’ झाला, आणि त्यांत कांहीं हानीहि झाली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. सावकाराच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वीं लोक फादरला विचारीत. मुलीचें स्थळ फादर पाहत. तंटा फादरपुढें तुटे. जो सर्व कांहीं देतो त्याच्यापुढें माणूस मोकळा होत नाहीं. आत्म्याचा वैद्य आणि धान्याच्या कोठाराचा किल्लीदार हे दोघे एकच असले म्हणजे भक्तीला याचनेचा वास लागण्याचा संभव असतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत आणि त्यांतच आलेल्या प्लेगच्या सांथींत हा धोका अधिकच वाढला. शिवाय एकाच खेड्यांत दोन मिशनें आलीं म्हणजे ‘हा आमचा, तो तुमचा’ अशी ओढाताण होई, आणि एका मिशनवर रुसलेला मनुष्य दुसऱ्या मिशनच्या दाराशीं जाई. प्रेमाचा उपदेश करणाऱ्या दोन पक्षांनीं एकमेकांविषयीं जें लिहून ठेवलें तें सर्वच प्रेमानें लिहिलेलें नाहीं.

भाषेचा प्रश्न मात्र या धर्मगुरूंनीं मोठ्या निष्ठेनें हातीं घेतला. मिस्सा लॅटिनमध्यें, ती बदलण्याचा अधिकार कोणा खेड्यांतल्या धर्मगुरूस नव्हता. तेव्हां उपासनेचा जो भाग लोकांना समजावयाचा तो मिस्सेच्या बाहेर मराठींत उभा करणें प्राप्त होतें. या कामीं त्यांच्यापुढें एक थोर उदाहरण होतें. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेसुइट १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१६ त त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ साष्टींतील राचोल येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओंव्यांचा हा ग्रंथ मराठीच्या अभिमान्यांस परिचित आहे. नवख्रिस्ती लोकांची पुराणश्रवणाची तहान भागविण्यासाठींच तो रचला गेला. म्हणजे मुळांत तें वाङ्मयीन काम नव्हतें, एका धर्मगुरूनें आपल्या कळपासाठीं वाढलेलें तें पान होतें. कर्मधर्मसंयोगानें १९०७ सालीं, म्हणजे नगरचें मिशन भरभराटीस येत असतांनाच, मंगळूर येथें या ग्रंथाची नवी आवृत्ति निघाली.

त्याआधीं चारच वर्षें, १९०३ च्या एप्रिल महिन्यांत, ‘निरोप्या’ या मराठी मासिकाचा जन्म झाला होता, आणि तोहि मुंबई-पुण्यास नव्हे, केंदळसारख्या आडगांवीं. त्याचे संस्थापक फादर हेन्री डोरिंग हे जर्मन. ज्यांच्यासाठीं मासिक काढावयाचें त्यांतल्या बहुतेकांना वाचतां येत नाहीं, हें डोरिंग यांना ठाऊक नव्हतें असें कसें म्हणावें? पण वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक ही त्या काळच्या सर्वच मराठी नियतकालिकांची रीत होती, आणि येथें वाचणारा मास्तर गांवोगांव बसलेलाच होता. धर्मगुरूची फेरी यावयास विलंब लागे. मासिक महिन्याच्या महिन्यास येई. संतचरित्रें, प्रार्थना, सणांची माहिती, जगांतील ख्रिस्ती समाजाच्या वार्ता, हें सर्व त्यांतून खेड्यांत पोंचूं लागलें. आपण एका खेड्याच्या कडेला राहणारे चार घरांचे लोक नसून एका विशाल समाजाचे घटक आहों, ही जाणीव मिस्सेच्या लॅटिन शब्दांनीं जितकी दिली नसेल तितकी या मराठी पानांनीं दिली असावी. या मासिकानें पुढें शंभरी ओलांडली. मराठींत शंभर वर्षें टिकलेलीं नियतकालिकें बोटांवर मोजण्याइतकीं. त्यांत केंदळच्या या रोपट्याची गणना करावयास मराठी वाङ्मयाचे इतिहासकार बहुधा विसरतात.

गायनाच्या बाबतींत नगरच्या प्रॉटेस्टंट मंडळींनीं आघाडी मारली होती, हें कबूल केलें पाहिजे. कृष्णराव सांगळे यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत नगर येथें ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली, आणि पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती भजनांस जी गोडी आणली तिनें सारा मराठी ख्रिस्ती समाज भारून गेला. कॅथॉलिक खेड्यांतहि टाळ आणि एकतारी होतीच. ती कांहीं युरोपांतून आणावी लागली नाहीं. पण देवळांत, वेदीसमोर, तिला स्थान मिळावयास आणखी साठ वर्षें जावीं लागलीं.

इतक्यांत १९१४ चें महायुद्ध सुरू झालें, आणि जी गोष्ट कोणाच्या स्वप्नांतहि नव्हती ती घडली. नगरच्या खेड्यांतून हिंडणारे धर्मगुरु एका दिवसांत ‘शत्रुराष्ट्राचे प्रजाजन’ ठरले. हिंदुस्थानांतील जर्मनांना अडकवून ठेवण्यासाठीं सरकारनें जी मोठी छावणी केली ती नेमकी नगरलाच. त्या अगोदर तेथें बोअर युद्धांतले कैदी ठेवले होते. आतां व्यापारी, खलाशी आणि मिशनरी येऊन पडले. मुंबई-पुण्याच्या मिशनमधील कित्येक जर्मन जेसुइटांना या छावणींत दिवस काढावे लागले. पुढें १९१५-१६ मध्यें ‘गोलकोंडा’ नांवाच्या जहाजानें अशा अनेकांना युरोपांत परत पाठविण्यांत आलें. दैवाचा खेळ असा कीं ज्या जिल्ह्यांत त्यांचीं माणसें, त्याच जिल्ह्यांत ते कैदी. पण केंदळचा शेतमजूर आणि कांटेरी तारेच्या आंतला त्याचा धर्मगुरु यांच्यामध्यें तीसेक मैलांचें नव्हे, एका साम्राज्याचें अंतर पडलें. डोरिंग हे १९०७ पासून पुण्याचे बिशप होते. त्यांनाहि आपल्या धर्मप्रांतास मुकावें लागलें. युद्धानंतर त्यांची नेमणूक जपानांत हिरोशिमाकडील विभागावर झाली, आणि १९२७ सालीं, म्हणजे तेरा वर्षांच्या युद्ध-वनवासानंतर म्हणावयास हरकत नाहीं, ते पुण्यास पुन्हां आले व १९४८ पर्यंत तेथेंच राहिले.

धर्मगुरूवांचून उपासनेचा गाभा रिता राहतो असें वर म्हटलें. या वर्षांत त्याची परीक्षा झाली. जे गेले त्यांच्या जागीं इतर राष्ट्रांचे जेसुइट आणि देशी धर्मगुरु जसे मिळाले तसे धाडण्यांत आले. पण माणसें थोडीं, प्रदेश मोठा, आणि नव्यांना खेड्यांची ओळख नाहीं. अशा स्थितींत मिशन मोडून पडतें तर कोणाला दोष देतां आला नसता. तें मोडलें नाहीं. लोकांनीं काय केलें याची रोजनिशी कोणी ठेविली नाहीं. परंतु युद्ध संपल्यावर पुन्हां ठाणीं भरूं लागलीं तेव्हां तेथें कॅथॉलिक समाज उभा होता, एवढी गोष्ट उघड आहे. मास्तर, आयाबाया आणि सायंप्रार्थना यांखेरीज त्याचें दुसरें कारण संभवत नाहीं. भाकरीसाठीं आलेले लोक, भाकरी देणारा गेल्यावर, जपमाळ हातांत ठेवून राहतील काय? टीकाकारांच्या त्या जुन्या प्रश्नाला मिळालेलें हें सर्वांत भक्कम उत्तर होय.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत जिल्ह्याचें रूपच पालटलें. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांचें पाणी खालच्या तालुक्यांत खेळूं लागलें, आणि जेथें बाजरी पिकत होती तेथें ऊस उभा राहिला. हरेगांवला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. दुष्काळी गांवांतील भूमिहीन लोक कामाच्या शोधांत या कालव्याच्या पट्ट्याकडे सरकले, आणि त्यांच्यामागोमाग धर्मगुरूंनाहि सरकावें लागलें. खेडें स्थिर असतें तोंवर फेरी सोपी. मजुरांची वस्ती आज येथें तर उद्यां तेथें. श्रीरामपूर, राहाता, संगमनेर हीं नांवें या काळापासून कॅथॉलिक समाजाच्या तोंडीं वाढूं लागतात. संगमनेरच्या ज्ञानमाता विद्यालयानें तर पुढें सर्व जातिधर्मांच्या मुलांना शिकविलें.

याच हरेगांवांत १९४९ सालीं मतमाऊलीची यात्रा सुरू झाली. नांवावरून मुंबईकरांना वांद्र्याच्या टेकडीवरील मोतमाऊलीची आठवण होईल. दोन्ही उत्सव सप्टेंबर महिन्यांत, मरियेच्या जन्मदिनाच्या सुमारास भरतात. आधीं नऊ दिवस नोव्हेनाच्या प्रार्थना, मग मुख्य दिवसाची मिस्सा आणि मिरवणूक. येथें धर्मगुरूंनीं एक शहाणपणा केला. जत्रेला जाणें हें या लोकांच्या रक्तांत होतें. पहिल्या काळांतल्या कडक उपदेशकांनीं जत्रा म्हणजे मूर्तिपूजेचा अवशेष असें सांगून ती बंद पाडण्याची खटपट केली होती. पण माणसाला घरांतून निघून, चालत, धुळींतून, आपल्यासारख्या हजारोंच्या संगतीनें देवाकडे जावेंसें वाटतें, ही भूक उपदेशानें मरत नाहीं. हरेगांवला त्या भुकेला अन्न मिळालें. पायीं येणारे, नवस फेडणारे, लेंकराला माऊलीच्या पायांवर घालणारे असे लोक तेथें जमतात, आणि त्यांत ख्रिस्ती नसलेल्यांचीहि गर्दी कांहीं थोडी नसते. पंढरीच्या वाटेवरचा वारकरी तेथें चुकून गेला तर त्याला भाषा परकी वाटेल, माणसें परकीं वाटणार नाहींत.

स्वातंत्र्यानंतर मात्र या समाजापुढें एक निराळाच पेंच उभा राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. पुढें १९५६ त शीखांना आणि १९९० त बौद्धांना त्यांत घेतलें, ख्रिस्ती झालेल्यांना घेतलें नाहीं. तेव्हां ज्या नांवानें एके काळीं धान्य मिळे असा आरोप होता त्याच नांवानें आतां शिष्यवृत्ति आणि नोकरी जाऊं लागली. त्यांतच १९५६ च्या ऑक्टोबरांत नागपूरला डॉ. आंबेडकरांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि जातभाईंच्या मोठ्या लाटेनें स्वाभिमानाची नवी वाट धरली. एकाच भावकींत एक घर बौद्ध, एक ख्रिस्ती, असें चित्र जिल्ह्यांत सर्रास दिसूं लागलें. या पिढीच्या धर्मगुरूंना जुन्या मायबापपणाचा उपयोग नव्हता. ‘आम्ही ख्रिस्ती कां राहावें?’ असें विचारणारा तरुण त्यांच्यापुढें बसला होता, आणि त्याला धान्याच्या कोठाराकडे बोट दाखवून भागणार नव्हतें.

या सुमारास रोममध्यें दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. १९६२ पासून १९६५ पर्यंत ती चालली, आणि १९६३ च्या डिसेंबरांत तिनें उपासनेच्या सुधारणेचा जाहीरनामा संमत केला. त्या अन्वयें लोकभाषेंत मिस्सा करण्यास मोकळीक मिळाली. धर्मगुरु जो इतकीं वर्षें वेदीकडे तोंड करून लॅटिन पुटपुटत होता तो लोकांकडे वळला आणि मराठी बोलूं लागला. पेटी, तबला आणि टाळ वेदीपाशीं आले. ज्या म्हाताऱ्यांनीं लॅटिन शब्द अर्थ न कळतां पाठ केले होते त्यांतल्या कांहींना हें रुचलें नसेलहि. जुन्या मंत्राचा नाद सुटतांना हुरहूर वाटतेच. पण ज्या समाजाला शतकानुशतकें पवित्र शब्दांपासून दूर ठेविलें होतें, त्याच्या बोलींत देवाची मुख्य उपासना होऊं लागली, या घटनेचें मोल केवळ सोयीचें नव्हे.

पोट आणि आत्मा यांचा जुना वादहि याच काळांत निराळ्या वळणानें पुढें गेला. १९४८ सालीं हिंदुस्थानांत आलेले स्विस जेसुइट फादर हर्मन बाखर यांनीं नगर येथें सोशल सेंटर ही संस्था उभी केली. दुष्काळांत धान्य वांटण्यापेक्षां पावसाचें पाणी जेथें पडतें तेथेंच मुरवावें, आणि तें काम गांवानें एकदिलानें, श्रमदान करून, चराईबंदी पाळून करावें, हा त्यांचा आग्रह. त्यांतून जर्मन साहाय्यानें चाललेला पाणलोट विकासाचा मोठा कार्यक्रम आकारास आला, आणि १९९३ सालीं फादर क्रिस्पिनो लोबो यांच्या जोडीनें वॉटर या संस्थेची स्थापना झाली. संगमनेर तालुक्यांतील दरेवाडीचें उदाहरण पाणलोटाच्या कामांत रस घेणाऱ्यांस ठाऊक आहे. बाखर २०२१ सालीं वारले. येथें घेणारा आणि देणारा असा भेद राहिला नाहीं, आणि लाभ कोणत्या धर्माच्या शेताला झाला हेंहि कोणी विचारलें नाहीं. वाइसहाउप्ट यांच्या काळीं जी गांठ बसली होती ती शंभर वर्षांनीं अशी सैल झाली.

धर्मगुरु कोठून येतात, हाहि प्रश्न तोंवर उलटला होता. १८८६ सालीं पुण्याचा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हां त्याचे पहिले बिशप बाइडरलिंडन हे जर्मन होते. १९८७ च्या मे महिन्यांत पुण्यापासून वेगळा काढून नाशिकचा धर्मप्रांत झाला, नगर जिल्हा त्यांत गेला, आणि पहिले बिशप म्हणून थॉमस भालेराव या मराठी जेसुइटांची नेमणूक झाली. आडनांव पाहतांच कोणाहि मराठी माणसाला या बदलाचा अर्थ कळतो. ज्या घरांनीं पूर्वीं मास्तर दिले तीं आतां धर्मगुरु आणि धर्मभगिनी देऊं लागलीं होतीं.

आज नगरकडील कॅथॉलिक कुटुंबांची एक मोठी शाखा पोटापाण्यासाठीं पुणें आणि मुंबई येथें जाऊन राहिली आहे. तेथील चर्चमधून इंग्रजी मिस्सेला गर्दी असते. मराठी मिस्सा एखादीच, आणि तिला जमणाऱ्यांत श्रीरामपूर, राहुरी, संगमनेरकडचीं माणसें हटकून भेटतात. केंदळला जन्मलेला ‘निरोप्या’हि त्यांच्या आधींच पुण्यास येऊन राहिला आहे. सप्टेंबर लागला म्हणजे हीं कुटुंबें गांठोडें बांधून हरेगांवची वाट धरतात, आणि नोव्हेनाच्या दिवसांत तेथें जमलेल्या धर्मगुरूंपुढें पापनिवेदनासाठीं रांग लागते.